जूनमधली निवडणूक

न्यू जर्सीत आमचं मतदान केंद्र घराजवळच्या शाळेच्या जिममध्ये असतं. २०१८च्या जूनमध्ये मी तिथे पहिल्यांदा गेले. नागरिकत्वाची शपथ घेऊन जेमतेम वर्ष झालं होतं. सकाळी अकराची वेळ. बास्केटबॉलच्या रेघा आखलेल्या लाकडी जमिनीवर दोन टेबलं, चार वयस्कर कर्मचारी, कोपऱ्यात मतदान यंत्र, आणि मतदार म्हणून मी एकटी. टेबलामागच्या बाईंनी वहीतल्या सहीशी माझी सही ताडून पाहिली आणि विचारलं, "कोणत्या पक्षाचं मतदान करणार?" मी म्हटलं, मी कुठल्याच पक्षाची नाही. "मग आज एक निवडावा लागेल, त्याशिवाय मत देता येणार नाही," असं म्हणून त्यांनी एक फॉर्म पुढे सरकवला. नाव, पत्ता, पक्षाची खूण, सही. एका मिनिटात मी या देशातल्या दोन मोठ्या पक्षांपैकी एकाच्या मतदारांत जमा झाले. वर्गणी नाही, शिफारस नाही, कुणाची ओळख नाही. आणि त्या एका मिनिटात मला जो अधिकार मिळाला, तो माझ्या वडिलांना चाळीस वर्षं पक्षाचं काम करूनही मिळाला नव्हता.

बाबा सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्यात कार्यकर्ते होते. सतरंज्या घालण्यापासून बूथ सांभाळण्यापर्यंत सगळं त्यांनी केलं, पण उमेदवार कोण असावा हे त्यांना कधी कुणी विचारलं नाही. अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस उजाडला की तालुक्यात एकच विषय असे: एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा कागद, कुणाला आला? मुंबईहून कुणीतरी तो कागद घेऊन निघालेला असायचा, आणि दुपारी तीनच्या आत तो निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या हातात पडला पाहिजे म्हणून तहसील कचेरीबाहेर सगळ्यांच्या नजरा रस्त्याकडे लागलेल्या. पाच वर्षं राबलेली माणसं त्या कागदावर कुणाचं नाव आहे याची वाट बघत उन्हात उभी असायची. लहानपणी मी बाबांचं बोट धरून त्या गर्दीत उभी राहिले आहे.

म्हणून अमेरिकेतल्या निवडणुकांबद्दल मराठी माणसांत बोलणं निघालं की मी आधी नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीचं नाही, प्रायमरीचं सांगते. प्रायमरी म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठी होणारं मतदान. राष्ट्राध्यक्षापासून काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) कमिशनरपर्यंत बहुतेक पदांसाठी पक्षाच्या चिन्हावर कोण उभं राहणार हे पक्षाध्यक्ष ठरवत नाही, कोअर कमिटी ठरवत नाही, मतदार ठरवतात. ही निवडणूक राज्याच्या कायद्याने होते आणि तिचा खर्चही सहसा सरकारी तिजोरीतून होतो. पक्ष मात्र आपल्या ओळखीच्या अर्थाने पक्षच नसतो. त्याचं सदस्यत्व म्हणजे मतदार नोंदणीतली एक खूण, आणि टेक्सास, मिशिगन, विस्कॉन्सिनसारख्या राज्यांत तर तेवढी खूणही नाही. तिथे प्रायमरीच्या दिवशी ज्या पक्षाच्या उमेदवारांत निवड करावीशी वाटेल त्यांच्यात करायची.

ही पद्धत आपोआप आली नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विस्कॉन्सिनचे गव्हर्नर रॉबर्ट ला फॉलेट यांनी पक्षाच्या पुढाऱ्यांशी उभा दावा मांडला. रेल्वे आणि लाकूड कंपन्यांच्या पैशावर पोसलेले पुढारी बंद खोलीत उमेदवार ठरवतात आणि मग दोन्हीकडून तेच लोक निवडून येतात, असं त्यांचं म्हणणं होतं. १९०३मध्ये तिथल्या विधिमंडळाने प्रायमरीचा कायदा केला आणि १९०४मध्ये लोकांनी सार्वमताने त्यावर शिक्कामोर्तब केलं. राष्ट्राध्यक्षपदापर्यंत ती पूर्णपणे पोचायला मात्र आणखी सत्तर वर्षं गेली. १९६८ला व्हिएतनामच्या युद्धावरून देश पेटलेला असताना डेमोक्रॅटिक पक्षाने ह्यूबर्ट हम्फ्री यांना उमेदवारी दिली. त्यांनी एकाही प्रायमरीत भाग घेतला नव्हता. प्रायमरीत युद्धविरोधी उमेदवारांना भरभरून मतं पडली होती, पण अधिवेशनात उमेदवार ठरवणाऱ्या प्रतिनिधींची मोठी संख्या राज्याराज्यांतल्या पुढाऱ्यांच्या मुठीत होती. शिकागोच्या अधिवेशनात आत नाव जाहीर झालं आणि बाहेर रस्त्यावर पोलिसांनी तरुणांना झोडपलं. त्या जखमेतून पक्षाने नियम बदलले, आणि १९७२पासून राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवारही मुख्यतः मतदार ठरवू लागले.

याचा अर्थ काय होतो हे मराठी वाचकाला सांगायला एक घरचं उदाहरण आहे. श्री ठाणेदार बेळगावात वाढले, अमेरिकेत येऊन रसायनशास्त्र शिकले, उद्योग केला. २०१८मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी ते डेमोक्रॅटिक प्रायमरीत उतरले आणि हरले. २०२२मध्ये डेट्रॉइटच्या मतदारसंघातून काँग्रेससाठी, म्हणजे अमेरिकेच्या संसदेसाठी, उतरले आणि जिंकले. पक्षातल्या कुणा वजनदार माणसाने त्यांना हाताला धरून पुढे आणलं नव्हतं. कुणाच्या बंगल्यावर फेऱ्या मारण्याची गरजच नव्हती, कारण तिकीट देणारा कुणी नव्हता. बेळगावसारख्या ठिकाणाहून आलेला, उच्चारात मराठी वळण असलेला माणूस असा अमेरिकेच्या संसदेत जाऊन बसतो, हे मला आजही भारावून टाकतं.

पण याच निवडणुकीत या पद्धतीचं दुखणंही आहे, आणि ते झाकून ठेवणं मला पटत नाही. त्या प्रायमरीत नऊ उमेदवार होते. ठाणेदारांना साधारण २८ टक्के मतं मिळाली. त्यांनी स्वतःचे लाखो डॉलर प्रचारात घातले होते. तो मतदारसंघ इतका पक्का डेमोक्रॅटिक आहे की नोव्हेंबरची निवडणूक उपचारापुरतीच उरली. म्हणजे दर चारांमागे जवळजवळ तीन मतदारांनी दुसऱ्या कुणाला मत दिलं होतं, तेही ऑगस्टमधल्या एका दिवशी, जेव्हा बहुसंख्य लोक मतदानाला गेलेच नव्हते. यात ठाणेदारांचा काही दोष नाही. नियम होते तसे ते लढले आणि जिंकले. दोष नियमांचा आहे.

प्रायमरीला फार कमी लोक येतात, हे माझं पहिलं म्हणणं. २०२२च्या प्रायमऱ्यांत देशभरात पाच पात्र मतदारांमागे जेमतेम एक जण मतदानाला गेला. २०१८मध्ये न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्टेझ या २८ वर्षांच्या तरुणीने दहा वेळा काँग्रेसवर निवडून आलेल्या जो क्राउली यांना प्रायमरीत हरवलं तेव्हा जगभर बातमी झाली. बातमी होतीच तशी. पण साधारण सात लाख वस्तीच्या त्या मतदारसंघात दोघांची मतं मिळून तीस हजारही भरली नाहीत. आमच्या जिममध्ये मी एकटी उभी होते ते त्याच महिन्यात.

याला जोड मिळते ती मतदारसंघांच्या नकाशाची. बहुतेक राज्यांत काँग्रेसच्या मतदारसंघांच्या सीमा राज्याचं विधिमंडळच आखतं, म्हणजे ज्यांना निवडून यायचं आहे तेच लोक. महापालिकेच्या निवडणुकीआधी प्रभागरचनेवरून आपल्याकडे काय रणकंदन होतं ते आठवावं. इथे ते संसदेच्या पातळीवर होतं, आणि तेही उघडपणे. मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांनी १८१२मध्ये सॅलॅमँडर या पालीसारख्या प्राण्याच्या आकाराच्या मतदारसंघाला मंजुरी दिली, तेव्हापासून या उद्योगाला 'गेरीमँडरिंग' म्हणतात. २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकलं की पक्षीय फायद्यासाठी केलेल्या आखणीत संघराज्याची न्यायालयं पडणार नाहीत. २०२५मध्ये तर टेक्सासने जनगणनेची वाट न बघता मधेच नवा नकाशा काढला, रिपब्लिकनांच्या पाच जागा वाढाव्यात म्हणून. उत्तर म्हणून कॅलिफोर्नियाने स्वतःच्याच स्वतंत्र आयोगाचा नकाशा काही वर्षांसाठी बाजूला ठेवला, डेमोक्रॅटांच्या पाच वाढाव्यात म्हणून. कॅलिफोर्नियाचा तो आयोग या देशातल्या मोजक्या चांगल्या गोष्टींपैकी एक होता. तो असा लोकांच्या मतानेच बाजूला ठेवला गेला याचं मला फार वाईट वाटलं.

नकाशा आखला नसता तरी शहरं डेमोक्रॅट आणि खेडी रिपब्लिकन अशी वस्ती आता विभागलेलीच आहे. परिणाम एकच. बहुसंख्य जागांवर नोव्हेंबरमध्ये काय होणार हे जूनमध्येच ठरलेलं असतं. मग खरी निवडणूक कोणती?

हा प्रश्न या देशाच्या न्यायालयापुढे एकदा येऊन गेला आहे. दक्षिणेत एकेकाळी डेमोक्रॅटिक पक्षाशिवाय दुसरा पक्ष नावालाच होता. टेक्सासमध्ये त्या पक्षाने ठराव केला की आमच्या प्रायमरीत फक्त गोरे लोक मत देतील. पक्ष ही खासगी संघटना, तिचे नियम तिने ठरवावेत, असा युक्तिवाद होता, आणि १९३५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मान्यही केला. नोव्हेंबरमध्ये काळ्या माणसाने मत दिलं तरी फरक पडत नव्हता, कारण निकाल प्रायमरीतच लागलेला असे. ह्यूस्टनचे दंतवैद्य लॉनी स्मिथ यांनी याविरुद्ध दावा लावला, थर्गुड मार्शल यांनी तो लढवला, आणि १९४४मध्ये न्यायालयाने आपलाच आधीचा निकाल फिरवला. राज्य ज्या प्रायमरीचे नियम ठरवतं, जी प्रायमरी निवडणुकीचाच भाग आहे, तिथून माणसाला वगळणं म्हणजे त्याचा मताधिकार काढून घेणंच आहे, असं ते तत्त्व. वंशाच्या त्या अन्यायाशी आजच्या कशाचीही बरोबरी होऊ शकत नाही. पण ते तत्त्व मला आज पुन्हा आठवतं, कारण पेनसिल्व्हेनिया, न्यूयॉर्क, फ्लोरिडा यांसारख्या राज्यांत ज्याने पक्षाची नोंद केलेली नाही त्याला प्रायमरीत मत देता येत नाही. स्वतःला कुठल्याच पक्षाचं न म्हणवणारे अमेरिकन आज चाळीस टक्क्यांहून जास्त आहेत. प्रायमरीचा खर्च त्यांच्या करातूनही होतो.

माझं म्हणणं असं आहे: उमेदवार लोकांनी ठरवावा हे अमेरिकेचं उत्तर बरोबर आहे. चूक आहे ती दार अर्धवट उघडण्यात. दार अर्धवट असलं की आत येतात ते सगळ्यात कडवे, आणि निवडून आलेला माणूस पुढे सतत त्यांच्याकडे बघत वागतो. आपल्याकडे आमदार-खासदार व्हिप मोडायला घाबरतात, कारण पद जाईल. इथे व्हिप मोडला म्हणून पद जात नाही, पण पुढच्या प्रायमरीची भीती व्हिपपेक्षा मोठी आहे. जानेवारी २०२१मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्यावर महाभियोग चालवावा म्हणून प्रतिनिधीगृहातल्या दहा रिपब्लिकनांनी मत दिलं. त्यांपैकी चौघांनी पुन्हा निवडणूक लढवलीच नाही. चौघे प्रायमरीत हरले. वायोमिंगच्या लिझ चेनी, पक्षाच्या माजी उपराष्ट्राध्यक्षांची मुलगी, त्यांना ३० टक्केही मतं मिळाली नाहीत. दोघेच टिकले: कॅलिफोर्नियाचे डेव्हिड व्हलाडाओ आणि वॉशिंग्टन राज्याचे डॅन न्यूहाउस. या दोन्ही राज्यांत पक्षाची वेगळी प्रायमरी नसते. सगळ्या पक्षांचे उमेदवार एकाच मतपत्रिकेवर, सगळ्या मतदारांना मत, आणि पहिले दोघे नोव्हेंबरला पुढे. वॉशिंग्टनच्याच हायमी हेरेरा ब्युटलर मात्र अगदी थोड्या मतांनी मागे पडून हरल्या, म्हणजे ही पद्धत काही रामबाण नाही. पण टिकलेले दोघेही तिथलेच निघावेत याला योगायोग म्हणून सोडून देणं मला जमत नाही.

त्यात आणखी एक कुलूप आहे. महाराष्ट्रात तिकीट कापलं गेलं की बंडखोर अपक्ष उभा राहतो आणि कैकदा निवडूनही येतो. इथे बहुतेक राज्यांत प्रायमरी हरलेल्याला त्याच निवडणुकीत अपक्ष म्हणून उभं राहायला बंदी आहे. कनेक्टिकटमध्ये ती नव्हती, म्हणून २००६मध्ये जो लिबरमन प्रायमरी हरूनही अपक्ष म्हणून सिनेटवर गेले. एरवी जूनमधल्या थोड्या मतदारांनी नाकारलेला माणूस नोव्हेंबरच्या सगळ्या मतदारांपुढे जाऊच शकत नाही.

यावर बरीच शहाणी माणसं म्हणतात की उमेदवार ठरवणं पुन्हा पक्षाकडे द्या. पक्षाचे अनुभवी लोक गाळणी लावतील, उथळ आणि भडक माणसं वर येणार नाहीत. हा युक्तिवाद मी हसण्यावारी नेत नाही. २०१६मध्ये रिपब्लिकन पक्षातल्या जवळजवळ सगळ्या मोठ्या माणसांना नको असलेला उमेदवार, म्हणजे ट्रम्प, प्रायमरीतून पुढे आला, तेव्हा मलाही क्षणभर तसं वाटलं होतं. पण ती गाळणी कशी असते हे आम्ही न्यू जर्सीवाल्यांनी जवळून पाहिलं आहे.

त्या २०१८च्या मतपत्रिकेकडेच परत येते. डावीकडे वरपासून खालपर्यंत एक सलग उभी रांग होती. सिनेट, काँग्रेस, काउंटीची पदं, प्रत्येक चौकोनात एक नाव, सगळ्यांवर एकच घोषवाक्य. ते काउंटीतल्या पक्ष संघटनेचे उमेदवार. बाकीची नावं उजवीकडे कुठेतरी, मधे रिकामे चौकोन, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. डोळा आपोआप त्या रांगेवरून खाली घसरतो. माझाही घसरला. घरी आल्यावर लक्षात आलं की त्यातल्या तीन नावांबद्दल मला काहीच माहीत नव्हतं. इथे याला 'काउंटी लाइन' म्हणत, आणि राज्यातल्या २१ पैकी १९ काउंटींमध्ये ती होती. लाइनवर कुणाला जागा द्यायची हे काउंटीचा पक्षाध्यक्ष आणि त्याच्या भोवतीचे लोक ठरवत. बाबांचा एबी फॉर्म मला पुन्हा भेटला तो असा.

२०२३च्या सप्टेंबरमध्ये आमचे सिनेटर बॉब मेनेंडेझ यांच्यावर लाचखोरीचा आरोप ठेवला गेला. दुसऱ्याच दिवशी काँग्रेस सदस्य अँडी किम यांनी त्यांच्या जागेसाठी उमेदवारी जाहीर केली. नंतर गव्हर्नर फिल मर्फी यांच्या पत्नी टॅमी मर्फी उतरल्या, आणि मोठ्या काउंटींच्या अध्यक्षांनी भराभर त्यांना पाठिंबा दिला. त्यांनी यापूर्वी एकही निवडणूक लढवली नव्हती. गव्हर्नरकडून नेमणुका आणि निधी हवा असलेले काउंटी अध्यक्ष काय करणार हे सांगायला नको. ही ती अनुभवी माणसांची गाळणी. किम यांनी लाइनविरुद्ध संघराज्याच्या न्यायालयात धाव घेतली. राज्याच्या अॅटर्नी जनरलनेच कळवलं की या पद्धतीचा बचाव मी करणार नाही. मार्चच्या अखेरीस टॅमी मर्फींनी माघार घेतली, आणि त्यानंतर काही दिवसांतच न्यायाधीश झाहिद कुरैशी यांनी डेमोक्रॅटिक प्रायमरीपुरती ती लाइन बंद केली. किम जूनमध्ये जिंकले, नोव्हेंबरमध्येही जिंकले. पुढे २०२५मध्ये विधिमंडळाने मतपत्रिकेचा कायदाच बदलला.

म्हणून माझा कौल दार पूर्ण उघडण्याकडे आहे. अलास्काने ते करून दाखवलं. २०२०च्या सार्वमतानुसार तिथे सगळ्यांची एकच प्रायमरी होते, पहिले चौघे पुढे जातात, आणि नोव्हेंबरला मतदार पसंतीक्रम देतात. पदवीधर मतदारसंघात ज्यांनी कधी मत दिलं आहे त्यांना ही पद्धत नवी नाही. नावांपुढे १, २, ३ लिहायचं. २०२२ला सिनेटर लिसा मर्कोव्स्की, ज्यांनी महाभियोगात ट्रम्प यांना दोषी धरलं होतं, आणि ट्रम्प यांचा पाठिंबा असलेल्या केली चिबाका पहिल्या पसंतीत जवळपास बरोबरीत होत्या. तळाच्या उमेदवारांची मतं मतदारांच्या पुढच्या पसंतीकडे वळल्यावर मर्कोव्स्की जिंकल्या. दर चारातल्या तिघांना नको असलेला उमेदवार या पद्धतीत सहजासहजी निवडून येत नाही.

२०२४च्या नोव्हेंबरमध्ये नेवाडा, कोलोरॅडो, आयडाहो आणि आणखी काही राज्यांत अशाच सुधारणा मतदानाला आल्या आणि पडल्या. अलास्कात ही पद्धत रद्द करण्याचा प्रस्ताव हजाराहून कमी मतांनी फेटाळला गेला. नेवाडात दोन्ही पक्षांच्या पुढाऱ्यांनी विरोध केला. इतर कशावरही एकमत न होणारे दोन पक्ष यावर एक झाले, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. मतदारांना पद्धत किचकट वाटली हेही खरं, आणि समजावून सांगण्यात सुधारणावाले कमी पडले.

तोवर जे हातात आहे ते तरी वापरावं. आमच्याकडच्या मराठी मंडळींना राजकारणाचा उत्साह कमी नाही. राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीला सगळे रांगेत उभे असतात, बोटाला शाई नाही तर छातीवर स्टिकर लावून फोटो काढतात. जूनमध्ये मात्र मुलांच्या शाळा संपत आलेल्या असतात, भारताची तिकिटं काढलेली असतात. टाउनशिप, काउंटी, ज्यांच्या निर्णयाने आपला मालमत्ता कर ठरतो, त्या उमेदवारांची नावं आपण विमानात असताना पक्की होतात. न्यू जर्सीत पक्ष बदलायचा असेल तर प्रायमरीच्या ५५ दिवस आधी अर्ज द्यावा लागतो. पक्ष नोंदवलेलाच नसेल तर त्या दिवशी केंद्रावरही नोंदवता येतो. प्रवासात असणाऱ्यांना टपालाने मत देता येतं. यातलं काहीच अवघड नाही.

२०२५च्या जूनमध्ये मी मुलाला घेऊन गेले. त्याचं पहिलं मतदान. गव्हर्नरपदाच्या चौकोनात सहा नावं, एकाखाली एक, सारख्याच अक्षरांत. खाली घसरायला रांग नव्हती. तो पडद्यासमोर बराच वेळ उभा होता, इतका की टेबलामागच्या बाईंनी मान वर करून पाहिलं. त्याच्या मागे आणखी सात माणसं थांबली होती. मी मोजली.